मिस्त्रींचा डावा हात

आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, कुणाचंही चित्र आधी सरळ बघायचा नाही. तो मागून यायचा, तुमच्या खांद्यावरून हात घालून कीबोर्डवरचं एक बटण दाबायचा, आणि आरशात दिसावं तसं पडद्यावरचं चित्र उलटं व्हायचं, डावीकडचं उजवीकडे. मग तो बघायचा. महिनाभर राबून काढलेल्या किल्ल्याचा बुरुज एका बाजूला कलंडलेला दिसायचा, राणीचा एक डोळा कपाळात चढलेला दिसायचा. "हं," एवढंच म्हणून तो पुढच्या टेबलाकडे जायचा. त्या 'हं'पायी मी मनातल्या मनात त्याचा कितीदा गळा दाबलाय, याचा हिशोब नाही.

चित्र उलटं करून बघणं ही आमच्या धंद्यातली रोजची सवय. तेच तेच बघून डोळे निर्ढावतात, चुका दिसेनाशा होतात. उलटं केलं की आपलंच चित्र परक्याचं वाटतं आणि वाकडं ते वाकडं दिसायला लागतं. मीही दिवसातून पन्नास वेळा करते. पण आपलं आपण करणं वेगळं. आपण स्वयंपाक करत असताना कुणी न विचारता आमटीत बोट घालून चाखावी, तसं ते मला वाटायचं.

स्टुडिओ द्वारका नावाच्या गजबजलेल्या चौकाजवळ होता. खाली टायर आणि बॅटऱ्यांची दुकानं, वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही सोळा जण, परदेशातल्या मोबाइल गेमसाठी चित्रं काढत बसलेले. ट्रकनं वळताना हॉर्न दिला की टेबलावरचा चहा थरथरायचा. खिडकीकडे तीन खुर्च्या होत्या, त्या कन्सेप्टवाल्यांच्या. गेममध्ये दिसणारं जग, म्हणजे घरं, दारं, हत्यारं, माणसं, कसं असेल ते तिथं ठरायचं. तिथं जे ठरेल त्याच्या नकला आम्ही बाकीच्यांनी करायच्या. एक पिंप ठरलं की त्याची वीस पिंपं मी काढायची: फुटकं पिंप, जळकं पिंप, शेवाळलेलं पिंप. दोन वर्षं मी पिंपं काढली. घरी आई कौतुकानं लोकांना सांगायची, "ती कॉम्प्युटरवर डिझायनर आहे," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण मी काहीच डिझाइन करत नव्हते.

मग त्या तिघांपैकी एक हैदराबादला गेला आणि एक खुर्ची रिकामी झाली. लीडनं सगळ्यांसमोर सांगितलं, ज्याला ती हवी त्यानं चार महिन्यांत स्वतःचं काम आणून दाखवावं. ऑफिसचं नाही, स्वतःचं. एक जागा घ्या, ती आतून-बाहेरून ठरवा, आणि शेवटी तिचं एक मोठं चित्र. मला ती खुर्ची इतकी हवी होती की बोलतानासुद्धा माझी नजर तिच्याकडे जायची. आणखी एकाला हवी होती. तो माझ्या शेजारी बसायचा आणि फक्त ड्रॅगन काढायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा प्रत्येक ड्रॅगन आधीच्या ड्रॅगनचा सख्खा भाऊ असायचा.

मी माझं जुनं फोल्डर लीडला दाखवलं. त्यानं एकेक चित्र उलटं केलं.

"किल्ला. किल्ला. बर्फातला किल्ला. तू बर्फ पाहिलायस कधी?"

"फ्रीजमध्ये," मी म्हटलं. सगळे हसले. तो हसला नाही.

"या दारातून माणूस आत कसा जातो ते सांग. बिजागरी कुठल्या बाजूला आहे? दार ढकलायचं की ओढायचं? तुझा हात छान आहे. पण तू काही बघितलेलंच नाहीस. दुसऱ्यांनी बघितलेलं उचलून आणतेस."

त्या दिवशी मी द्वारकेपासून सिडकोतल्या घरापर्यंत चालत गेले, रिक्षात कुणाच्या शेजारी बसायची माझी लायकी नव्हती. जीव जळत होता, कारण तो म्हणाला ते खरं होतं. खोटं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

मी गिरणी निवडली ती निव्वळ चिडून. दरवर्षी भात निघालं की आई-बाबा घोटीला जाऊन गिरणीवरूनच वर्षाचा तांदूळ आणतात. लहानपणी मलाही न्यायचे, आणि मी टेम्पोत बसून शिंकत असायचे. मला त्या जागेचा मनापासून तिटकारा होता. म्हटलं, हवी ना तुला बघितलेली जागा? घे मग. तूस डोळ्यांत जाईल अशी देते.

पहिल्या रविवारी एसटीनं गेले. बाजारपेठेच्या टोकाला ती पत्र्याची शेड, दारात भाताची पोती घेऊन आलेले शेतकरी, आत इतका आवाज की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. गिरणी चालवणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. साठीच्या पुढचे, अंगावर तुसाचा थर, डोक्याला फडकं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं, मधलं अर्धंच होतं. मी वही काढताच त्यांनी हातानं खूण करून मला बाहेर नेलं.

"इन्शुरन्सची हाय का तू?"

"नाही काका. चित्र काढायला आलेय."

"कशाचं?"

"गिरणीचं."

"गिरणीचं काय चित्र काढायचं?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वही तिथंच फाडून टाकावीशी वाटली. "बस तिकडं पोत्यांकडं. पट्ट्याच्या अंगाला यायचं नाय. आन् ती ओढणी आधी काढून पिशवीत घाल."

मला तो उद्धटपणा वाटला. ओढणी पट्ट्यात गेली तर बाई ओढणीसकट आत जाते, हे तिथं तूस झाडणाऱ्या एका मावशींनी मला नंतर सांगितलं. तेव्हाही मी मिस्त्रींना माफ केलं नाही.

मी रविवारमागून रविवार जात राहिले. पहिली चित्रं बघवत नव्हती. मी गिरणी काढतच नव्हते, 'यंत्र' काढत होते, कुठल्याही सिनेमात खपेल असं. वहीत पट्टा चाकाला टेकलेलाच नसायचा, भात वरून पडायचं आणि खाली काही निघायचंच नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. भिंतीचा एक भाग गुळगुळीत का, तर मिस्त्री तिथं खांदा टेकतात. फरशीला दोन खळगे का, तर इतकी वर्षं ते तिथंच उभे राहतात. उजवा हात भात सोडायच्या झडपेवर, डावा हात तांदूळ पडतो तिथं. मूठभर तांदूळ उरलेल्या बोटांवर घ्यायचा, कणी किती आहे बघायची, टाकून द्यायची. पट्टा त्यांच्या डाव्या अंगाला. त्यानंच ती बोटं नेली होती, चालू मोटारीवर पट्टा चढवताना.

ऑफिसातली पिंपंसुद्धा सुधारली. हे पिंप उचलताना माणूस हात कुठं घालेल, तिथला रंग आधी जाईल, असं आपोआप सुचायला लागलं. एकदा माझी वीसच्या वीस पिंपं पहिल्या फटक्यात पास झाली. लीड काही बोलला नाही. त्यानं कौतुक केलं असतं तरी मी त्याला भाव दिला नसता, पण बोलला नाही याचाही राग आलाच.

मिस्त्री मात्र बदलले नाहीत. मी वहीतून मान वर करावी तर ह्यांच्या कपाळाला आठ्या, भुवया जुळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. काय ही रिकामटेकडी, असं त्या तोंडावर मला स्वच्छ वाचता येत होतं. मी मनात म्हणायचे, बघा, बघा. तुम्हालाच चित्रात घेते आणि हाच चेहरा देते.

आठव्या की नवव्या रविवारी, मोटार बंद करून मिस्त्री भाकरी खायला बसले असताना, मी त्यांना विचारलं. तुमचं चित्र काढलं तर चालेल का?

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग डावा हात पुढं केला.

"काढायचं असंल तर ह्यो हात काढायचा. लपवायचा नाय. पोरीच्या लग्नात फोटोवाल्यानं शालीत घालायला लावला. पोरगीबी म्हणली, घाला ना आबा. घातला. घरात एक फोटो नाय त्याच्यात माझा ह्यो हात हाय." ते थांबले. "गिरणीत गेलेला हाय तो. चोरीत नाय गेला."

"काढीन," मी म्हटलं. "जसा आहे तसा."

"बघू," ते म्हणाले, आणि पुन्हा भाकरीकडे वळले.

मोठं चित्र मी तीन आठवडे करत होते. गोष्ट अशी ठरवली होती: पाण्याखाली गेलेलं एक राज्य, त्यात उरलेली शेवटची गिरणी, आणि ती चालू ठेवणारा एक म्हातारा. पत्र्याच्या फटीतून तिरपं ऊन, त्यात तरंगणारं तूस, पट्ट्याच्या शेजारी मिस्त्री, हात पुढं केलेला. उलटसुलट करून बघणं चालूच होतं. एकदा उलटं केलं आणि चित्र एकदम उघडल्यासारखं वाटलं. ऊन डावीकडून येऊन नजरेला थेट हातापर्यंत नेत होतं. म्हटलं, जरा असंच ठेवून काम करावं. चार-पाच दिवस तसंच केलं. वह्या पिशवीत पडून होत्या. आता गिरणी मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. शेवटी भिंतीवर 'धूम्रपान करू नये' अशी तिथली पाटी रंगवली, तीही त्याच अवस्थेत, त्यामुळे अक्षरं सरळ. तोपर्यंत माझ्या डोळ्यांना तेच सुलटं वाटायला लागलं होतं. आमच्या जातीच्या लोकांनाच होऊ शकते अशी ही चूक आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात जग उलटं करायचं बटणच नसतं.

सोमवारी लीडनं बघितलं. आला, हात घातला, बटण दाबलं. बघत राहिला. पाटीची अक्षरं उलटी दिसत होती, बाकी त्या घटकेला पडद्यावर खरी गिरणी होती. त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि ती गेली. पहिल्यांदाच तो 'हं' म्हणाला नाही.

"ही जागा तू बघितलेली आहेस," तो म्हणाला. "हा माणूस खरा आहे. कळतंय. एक तारखेपासून खिडकीत बस."

ड्रॅगनवाल्यानं हात मिळवला. मी जिन्यात जाऊन रडले. दोन वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याच्या दोन वाक्यांनी रडू यावं, याची लाजही वाटली.

पुढच्या रविवारी चित्राची मोठी प्रिंट आणि पावशेर पेढे घेऊन घोटीला गेले. मिस्त्रींनी मोटार बंद केली, फडक्यानं हात पुसले आणि प्रिंट दाराशी उजेडात नेली. तूस झाडणाऱ्या दोघी मावश्याही डोकावल्या. एक म्हणाली, "आगं बया, मिस्त्रीच की!" मी हसत उभी होते.

मिस्त्री हसले नाहीत. आधी त्यांनी झडप बघितली, मग पट्टा.

"पट्टा ह्या अंगाला कुठून आला?"

मला कळलं नाही. मग त्यांनी स्वतःचा डावा हात वर धरला, तो बघितला, चित्र बघितलं. डावा खाली केला आणि उजवा वर धरला. पाचही बोटं पसरून.

"ह्यो हात माझा धड हाय," ते म्हणाले. "ह्या हातानं मी जेवतो. तू ह्योच तोडला."

त्या क्षणी मला सगळं दिसलं. गिरणी उलटी होती. झडप, पट्टा, सगळं. सदऱ्याचा खिसासुद्धा उजव्या बाजूला. मी बोलायला लागले, काका, ते कॉम्प्युटरमध्ये एक बटण असतं, चित्र फिरतं, चुकून तसंच राहिलं...

"मंग माझाच हात फिरवायचा होता?" त्यांचा आवाज चढला. "एक गोष्ट सांगितली व्हती तुला. लय नाय, एक. न्ये हे. आन् ते पेढेबी न्ये."

मी पेढे घेऊन परत आले. एसटीत बसल्यावर मला त्यांचा भयंकर संताप आला. चार महिने तूस खाल्लं, शिंकून शिंकून नाक सोललं, आणि या माणसाला एक चूक पोटात घालता येत नाही? चित्रात काय, राज्य पाण्याखाली गेलंय, तिथं हात डावा की उजवा कोण विचारतंय? वाटेतली विल्होळी येईपर्यंत मी असं स्वतःला पटवत होते. पटलं नाही. शब्द मी दिला होता.

सोमवारी लीडला सांगितलं. तो आधी हसला, मग वैतागला.

"अगं, फॅन्टसी आहे ही. त्याला दोन हात दे, चार दे, हाताच्या जागी आकडा दे."

"मी त्यांना विचारून काढलंय सर. त्यांनी तेवढंच सांगितलं होतं."

"मग फिरव परत."

फिरवलं. पाटी पुसली. चित्राचा पार चुथडा झाला. ऊन उजवीकडून येऊन नजरेला बाहेर ढकलत होतं, म्हातारा कोपऱ्यात टाकून दिल्यासारखा. लीडनं दोनदा उलटसुलट केलं.

"बघितलंस? हे मेलं. पहिलं जिवंत आहे. तेच ठेव आणि एक तारखेला खिडकीत बस. इथं कुणाला कळणार आहे?"

"मला नवीन काढायचंय."

"मग खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी. शेवटच्या सोमवारी पूर्ण चित्र. नाही आलं, तर त्याला देतो." त्यानं शेजारच्या टेबलाकडे मान हलवली. "आणि नंतर पहिलं घेऊन येऊ नकोस. मला दारात उभं राहून घासाघीस आवडत नाही."

हातात आलेली खुर्ची मी स्वतः सोडली होती. आईला सांगितलं तर ती दोन दिवस बोलली नाही. मला लीडचा राग होता, मिस्त्रींचा होता, आणि सगळ्यांत जास्त माझा होता. तो सगळा राग मी कामात घातला. वह्या पिशवीतून काढल्या. उजेड नव्यानं बसवला. मिस्त्रींच्या डाव्या अंगानं बघणारा माणूस कुठं उभा राहील, त्याला काय आधी दिसेल, हे पहिल्यापासून ठरवलं. हात तर मी वेगळ्या कागदांवर चाळीसेक वेळा काढला असेल. महिनाअखेरच्या शनिवारी चित्र झालं. पहिल्यापेक्षा चांगलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

या वेळी ते लीडच्या आधी मिस्त्रींना दाखवायचं ठरवलं. रविवारी सकाळीच गेले. पेढे नेले नाहीत. त्यांनी मला बघून मोटार बंद केली नाही. एक पोतं संपेपर्यंत मला उभं ठेवलं. मग बाहेर आले आणि प्रिंट हातात घेतली. झडप. पट्टा. खिसा. शेवटी डावा हात चित्रातल्या हाताशेजारी ठेवला आणि अर्ध्या बोटाशी अर्धं बोट लावून बघितलं. नख नसलेल्या टोकावरची घडीसुद्धा जुळत होती.

"हात माझा हाय," ते म्हणाले. मग चित्र थोडं लांब धरलं. "तोंड तुझं हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी ह्यो कोण चिडलाय एवढा? मी असा कवा चिडतो?"

माझा पारा चढला. "काका, तुम्ही दर रविवारी माझ्याकडे असंच बघता. आठ्या घालून. मी वहीत काढलंय, दाखवू?"

"तुझ्याकडं?" ते खरोखरच गोंधळले. "मी तुझ्याकडं कशाला बघू? मी गिरणी ऐकतो. भात ओलं असलं की आवाज बदलतो. पट्टा सरकाया लागला की बदलतो. ऐकताना माणसाच्या कपाळाला आठी पडती. एक डाव ऐकलं नव्हतं, तर हे असं झालं." त्यांनी हात वर केला.

मी उभ्या उभ्या विरघळावं तर बरं, असं झालं. इतके रविवार तो माणूस काम करत होता. माझ्यावर चिडलेला, मला हसणारा, मला रिकामटेकडी म्हणणारा मिस्त्री माझा मीच तयार केला होता, आणि चाळीस वेळा हात गिरवताना त्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. तू काही बघितलेलंच नाहीस, हे लीडचं म्हणणं पुन्हा खरं ठरलं होतं, आणि तेही मी स्वतः पाहून आलेल्या जागेत.

"मग कसं दिसतं तुमचं तोंड?" मी विचारलं.

"मला काय ठावं? बघायचं काम तुझं."

घरी आल्यावर मी चित्रातला चेहरा पुसून टाकला आणि फाइल तशीच सेव्ह केली. रागातच केलं, परत फिरता येऊ नये म्हणून. संध्याकाळपर्यंत नवा चेहरा काढून होईल असं वाटलं होतं. पाच वेळा काढला. पाचही वेळा भुवया जुळल्या, ओठ आवळले गेले, आणि पडद्यावरून मीच माझ्याकडे रोखून बघायला लागले. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मला येत नव्हता.

सोमवारी मी ते चित्र तसंच दाखवलं, चेहऱ्याच्या जागी सपाट रंग. लीडनं बटण दाबून ते उलटं केलं, मग सुलटं.

"हात जबरदस्त आहे," तो म्हणाला. "चेहरा?"

"जमला नाही सर."

"काहीतरी टाकायचं. फडकं ओढायचं तोंडावर."

"तेही जमलं नाही."

त्यानं मान हलवली. खुर्ची ड्रॅगनवाल्याला गेली. मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आजही मी त्या खिडकीकडे पाठ करून चहा पिते, आणि काही दिवस तर मी मिस्त्रींनाच दोष देऊन पाहिला. माझ्या टेबलावर नवी पिंपं आली होती, ती काढायला घेतली.

पुढच्या रविवारी वही न घेता गेले. ओढणी पिशवीत घातली आणि पोत्यांना टेकून उभी राहिले. मिस्त्रींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मोटार सुरू झाली, भात उतरायला लागलं. दोन-अडीच तासांनी ते पाणी प्यायला माझ्या बाजूला आले.

"आज काढत नाय?"

"नाही. बघतेय."

"सापडलं का काय?"

"अजून नाही."

"मंग बघ," ते म्हणाले, आणि तोंड पुसून गिरणीकडे गेले. त्यांनी झडप उघडली, मान थोडी तिरकी केली, आणि ऐकायला लागले.